टांगाईलची उडी आणि पुंगलीचा पूल : दोन्ही बाजूंची माणसे (डिसेंबर १९७१)

दक्षिणद्वार

टांगाईलच्या उडीबद्दल, म्हणजे १९७१ च्या बांगलादेश युद्धात भारतीय छत्रीधारी सैनिकांनी टांगाईलजवळ विमानांतून घेतलेल्या उडीबद्दल, मराठीत जे वाचायला मिळते, त्यात विमाने असतात, आकाशभर उमललेल्या छत्र्या असतात आणि शेवटी ढाक्याची शरणागती असते. मधली माणसे नावापुरती येतात, समोरच्या बाजूची तर तेवढीही येत नाहीत. हा धागा त्या माणसांसाठी काढला आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना शेवटपर्यंत ताटकळावे लागणार नाही : ही लढाई ११ डिसेंबरला दुपारी साडेचार वाजता विमानांतून सुरू झाली नाही. ती दोन दिवस आधी जमालपूरला, सायकलवरून गेलेल्या एका चिठ्ठीने सुरू झाली होती.

आधी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. मेघालयाच्या सीमेवरून दक्षिणेला उतरले की कमालपूर, मग बक्षीगंज, मग ब्रह्मपुत्रेच्या जुन्या पात्राच्या दक्षिण काठावर जमालपूर, तिथून टांगाईल आणि टांगाईलपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ढाका. ढाक्याला पोहोचण्याच्या सगळ्या वाटांमध्ये ही सर्वांत कमी मोठ्या नद्यांची वाट होती आणि गंमत म्हणजे तिच्यासाठीच सर्वांत कमी सैन्य ठेवलेले होते. १०१ कम्युनिकेशन झोन हे मूळचे रसद आणि दळणवळण सांभाळणारे मुख्यालय. त्याच्याकडे ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांची ९५ माउंटन ब्रिगेड दिली आणि पुढे जायला सांगितले. झोनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग गिल बक्षीगंजजवळ सुरुंगाच्या स्फोटात जबर जखमी झाले, आणि ऐन मोहिमेत मेजर जनरल गंधर्व नागरा यांनी सूत्रे हाती घेतली.

समोर होती पाकिस्तानची ९३ ब्रिगेड, युद्धाच्या तोंडावर घाईने उभी केलेली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर अब्दुल कादिर खान मैमनसिंगला बसत. त्यांच्याकडे खऱ्या अर्थाने नियमित अशा दोनच पलटणी होत्या, मैमनसिंगला ३३ पंजाब आणि जमालपूरला ३१ बलुच. बाकी निमलष्करी दले आणि रझाकार, म्हणजे पाकिस्तानच्या बाजूने लढणारे स्थानिक लोक. ३१ बलुचचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद हे या सगळ्या कथेतील सर्वांत ठसठशीत पात्र आहे. त्यांच्याच पलटणीचा एक तरुण कॅप्टन, अहसान मलिक, कमालपूरच्या चौकीत मूठभर माणसांनिशी सुमारे तीन आठवडे वेढ्यात टिकून राहिला आणि ४ डिसेंबरला, दारूगोळा संपत आल्यावर, शरण आला. त्याच्या चिवटपणाबद्दल भारताचे लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांनी त्याचे अभिनंदन करणारा निरोप पाठवला होता. याच कमालपूरवर मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या, ११ नंबरच्या सेक्टरचे प्रमुख अबू ताहेर यांनी नोव्हेंबरमध्ये आपला पाय गमावला होता, हेही इथेच नोंदवतो, कारण चौकी पडली तेव्हाच्या छायाचित्रांत ते नसतात.

९ डिसेंबरला क्लेर यांनी सुलतान अहमद यांना पत्र लिहिले. तुम्ही चहूबाजूंनी वेढले गेला आहात, सुटकेची वाट उरलेली नाही, विमानांचे चाळीस हल्ले तुमच्या वाट्याला ठेवले आहेत, तेव्हा शस्त्रे खाली ठेवा, असा त्याचा आशय. ते घेऊन जाण्यासाठी मुक्तिवाहिनीचा जहुरुल हक मुन्शी नावाचा माणूस पांढरे फडके लावून सायकलवर निघाला. शत्रूच्या मोर्चात एकट्याने, सायकलवरून, दिवसाढवळ्या. तिथे त्याला मारहाण झाली, पण संध्याकाळी तो उत्तर घेऊन परत आला. त्या लिफाफ्यात कागदात गुंडाळलेली बंदुकीची एक गोळी होती. सुलतान अहमद यांनी कळवले होते की लढाई अजून सुरूच झालेली नाही, तेव्हा बोलणी पुरेत आणि ती सुरू करू या. चाळीस हल्ले अपुरे आहेत, आणखी मागवा. आणि पुढच्या भेटीत तुमच्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी, लेखणीवर तुमचे प्रभुत्व दिसतेच आहे. क्लेर हे सिग्नल्सचे अधिकारी, म्हणजे निरोपांच्या खात्यातून आलेले, हे सुलतान अहमद यांना ठाऊक होते की नाही कोण जाणे. टोमणा मात्र नेमका बसला.

क्लेर यांनी पत्रात केलेला दावा पोकळ नव्हता. जमालपूरच्या मोर्च्यांची तोंडे उत्तरेला, नदीकडे होती. ८ डिसेंबरच्या आसपास ब्रिगेडच्या पलटणी वळसा घालून नदी ओलांडून गेल्या आणि दक्षिणेला, टांगाईल रस्त्यावर, शहराच्या पाठीशी जाऊन बसल्या. तो रस्ता अडवून बसलेली मुख्य पलटण होती १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण, आणि तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार, ज्यांचे नाव पुढे १९८४ मध्ये अमृतसरच्या कारवाईमुळे देशभर झाले. १० डिसेंबरच्या रात्री सुलतान अहमद यांनी टांगाईलच्या दिशेने फोडून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला. अंधारात, रस्त्यावरून आणि भातशेतांतून, लाटांमागून लाटा मराठ्यांच्या खंदकांवर आल्या. पहाटेपर्यंत बलुच पलटणीचे दोनशेहून अधिक सैनिक तिथे पडले होते. उरलेल्यांनी सकाळी शस्त्रे ठेवली. सुलतान अहमद स्वतः काही माणसांनिशी निसटले.

आता उडी. कागदावर तिची आखणी पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी युद्धाच्या आधीच करून ठेवली होती, आणि उडीचा दिवस ठरवला होता युद्ध सुरू झाल्यापासूनचा सातवा. उडी मारणारी पलटण होती २ पॅरा, जिच्या नावापुढे तेव्हा कंसात मराठा लिहीत, कारण ती मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू. तिच्या ५० पॅरा ब्रिगेडची बाकीची फौज तेव्हा जेसोरच्या बाजूला जमिनीवर लढत होती, त्यामुळे ब्रिगेडची उडी म्हणून जगाने जे ऐकले ते प्रत्यक्षात एका पलटणीचे काम होते : तोफखाना, इंजिनिअर, वैद्यकीय मदतीची माणसे धरून काही शे जवान. अँटोनोव, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू मिळून पन्नासच्या आसपास विमाने, आणि उद्दिष्ट एकच, लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल. जमालपूर आणि मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या ९३ ब्रिगेडला तिथे कापायचे.

छत्र्या एकाच ठिकाणी उतरल्या असे चित्र डोळ्यांसमोर आणू नका. माणसे आणि सामान बऱ्याच विस्तारात विखुरले, काही सामान तळ्यांत गेले. संध्याकाळचा उजेड जाता जाता आजूबाजूच्या गावांतून लोक धावत आले. ‘जय बांगला’च्या घोषणा देत त्यांनी पाण्यातून, चिखलातून पेट्या काढून डोक्यावर घेऊन पलटणीपर्यंत पोहोचवल्या. पन्नूंनी सगळे गोळा होण्याची वाट पाहिली नाही. जे हाताशी आले त्यांना घेऊन ते पुलाकडे वळले, आणि रात्र चढायच्या आत पूल २ पॅराच्या ताब्यात होता. त्यानंतर रात्रभर माघार घेणाऱ्या तुकड्या अंधारातून येत राहिल्या, पूल परत घेण्याचे प्रयत्न झाले आणि ते मोडून काढले गेले. १२ डिसेंबरला संध्याकाळी उत्तरेकडून जंगी पलटण पुलावर पोहोचली. रस्त्याने आलेले मराठे आणि आकाशातून आलेले मराठे पुंगलीला भेटले. पन्नू आणि क्लेर यांना महावीरचक्र मिळाले, ब्रार यांना वीरचक्र.

कादिर खान यांच्याबद्दल, टांगाईलच्या मुक्तिवाहिनीचे नेते कादर सिद्दीकी यांच्याबद्दल आणि ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याचे प्रमुख जनरल नियाझी यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन. एवढे आधी पचू द्यावे.

अंत्रूजकर

लेख आवडला. एक गोष्ट आमच्या बाजूने जोडतो. २ पॅरा (मराठा) हे नाव गोव्यातील जुन्या लोकांना टांगाईलच्या दहा वर्षे आधीपासून माहीत आहे. १९६१ च्या डिसेंबरात ५० पॅरा ब्रिगेड गोव्यात आली तेव्हा तिच्या तीन फळ्यांपैकी पूर्वेकडची फळी २ पॅराची होती आणि ती फोंड्यावरून गेली. ब्रिगेडचे प्रमुख तेव्हा ब्रिगेडियर सगत सिंग होते. आमच्या घरात वडीलधारी माणसे सांगत की पूल उडवलेले असल्याने सैनिक पाण्यातून चालत आले आणि त्यांच्या तोंडी मराठी ऐकून लोकांना आधी खरेच वाटेना.

हेच सगत सिंग १९७१ मध्ये चौथ्या कोअरचे प्रमुख होते, आणि मेघना नदीवर पूल पडलेला पाहून त्यांनी ९ डिसेंबरपासून हेलिकॉप्टरने सैन्य पलीकडे नेले. म्हणजे ढाक्याच्या पूर्वेला एक माजी पॅरा ब्रिगेड कमांडर हवेतून नदी ओलांडत होता आणि वायव्येला त्याचीच जुनी पलटण छत्रीने उतरत होती. हा योगायोग कुणी नीट मांडलेला मी तरी वाचलेला नाही.

हिशेबनीस

दक्षिणद्वार, मांडणी चांगली आहे, पण तुमच्याच म्हणण्याचा शेवटचा टप्पा तुम्ही गाळला आहे. जमालपूरला दोनशेहून अधिक पडले आणि उरलेले पकडले गेले, हे तुम्हीच लिहिता. ९३ ब्रिगेडला ढाक्याला परतण्याचा हुकूम १० डिसेंबरला मिळाला होता. याचा अर्थ असा की छत्र्या उतरेपर्यंत मैमनसिंगची बरीच मंडळी टांगाईलकडे निघालेली होती, त्यांतील काही पुलापलीकडे गेलेलीही होती. मग पुंगलीला नेमके कोण कापले गेले? उडी एक दिवस आधी झाली असती तर ब्रिगेडच्या ब्रिगेड अडकली असती. ११ तारखेच्या दुपारी ती थोडी उशिराचीच म्हणावी लागेल. नियोजनाच्या कागदावर सातवा दिवस लिहिला होता म्हणून सातवा दिवस, असा हा प्रकार वाटतो.

तसे पाहता, शूर कोण होते हा प्रश्न नाही. प्रश्न उपयोगाचा आहे.

दक्षिणद्वार

हिशेबनीस, तुमचा मुद्दा अर्धा मान्य आहे. माघारीचा काही भाग आधीच पुढे गेला होता, हे खरे. पण पुलावर रात्रभर झालेले हल्ले कुणी केले, तर मागे राहिलेल्यांनीच. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते, पुलावरून लढून जाणे किंवा रस्ता सोडून शेतांतून पांगणे. बहुतेकांनी दुसरा निवडला, आणि पांगलेली ब्रिगेड ही ढाक्याच्या संरक्षणासाठी ब्रिगेड राहत नाही. कादिर खान स्वतः त्याच पांगापांगीत सापडले. रस्ते सोडून, काही अधिकारी व जवानांसह, दक्षिणेकडे चालत जाताना कालियाकैरच्या परिसरात ते पकडले गेले. ज्याला ढाक्याची उत्तरेकडची बाजू सांभाळायला बोलावले होते तो ब्रिगेडियर ढाक्याला पोहोचलाच नाही, हे उडीच्या खात्यावर मांडायला हवे.

कादिर खान यांच्याविषयी आपल्याकडे थट्टेने लिहिले जाते ते मला योग्य वाटत नाही. हातात दोन पलटणी, मैलोन्‌मैल पसरलेली आघाडी, मागून कादर सिद्दीकींची माणसे, वर भारतीय विमाने, आणि माघारीचा हुकूम अशा वेळी की त्यांची एक पलटण आधीच घेरलेली. माघार ही आक्रमणापेक्षा अवघड असते आणि रात्री, निमलष्करी लोकांना सोबत घेऊन, ती जवळजवळ अशक्य असते.

मावळतीचा वारा

सुलतान अहमद यांच्या त्या गोळीच्या पत्राने सगळे भारावून जातात. मीही अनेक वर्षे भारावलेलो होतो. पण एकदा शांतपणे विचार केला की प्रश्न पडतो. ‘लढाई अजून सुरूच झालेली नाही’ असे लिहिणारा माणूस पुढच्याच रात्री शहर सोडतो. त्याच्या मागे राहिलेले शेकडो लोक सकाळी शस्त्रे टाकतात, दोनशेहून अधिक रस्त्यावर पडलेले असतात, आणि तो ढाक्याला पोहोचतो. पाकिस्तानात त्यांना सितारा-ए-जुरत मिळाले. पत्रात लिहिलेल्या शब्दांचे मोल त्यांच्या पलटणीने भरले, हे आपण का बोलत नाही?

हिशेबनीस

मावळतीचा वारा, इथे मी उलट बाजूने बोलतो. शहर सोडणे हा सुलतान अहमद यांचा लहरी निर्णय नव्हता. वरून माघारीचा हुकूम होता. हुकूम पाळायचा तर मराठ्यांनी अडवलेला रस्ता फोडणे भाग होते, आणि फोडताना सर्वांत पुढे जाणाऱ्यांना सर्वाधिक मार बसणार हे उघड होते. पलटणीचा प्रमुख फोडून निघणाऱ्या भागाबरोबर असतो, मागे शहरात नसतो. पत्र ९ तारखेचे आणि हुकूम १० तारखेचा. पत्र लिहिताना त्यांना खरोखरच जमालपूर लढवायचे असावे. सीमेपासून नदीपर्यंत त्या पलटणीने ज्या प्रकारे पाय रोवले होते, ते पाहता मला तरी ते पत्र फुशारकीचे वाटत नाही.

मावळतीचा वारा

तारखांचा मुद्दा मान्य. तेवढ्यापुरते माझे विधान मागे घेतो. तरीही मला त्या लिफाफ्यातील गोळीपेक्षा तो लिफाफा आणणारा सायकलस्वार जास्त मोठा वाटतो. जाताना त्याला माहीत होते की मुक्तिवाहिनीचा माणूस म्हणून ओळखला गेलो तर परत येणार नाही. बांगलादेशाने पुढे मुन्शींना वीर प्रतीक हा सन्मान दिला. दोन्ही कर्नल-ब्रिगेडियर लोकांनी एकमेकांना शब्द पाठवले आणि मार मात्र निरोप्याने खाल्ला.

वडगावची लेक

मी इथे सहसा फक्त वाचते, पण जंगी पलटणीचे नाव आल्यामुळे लिहिते आहे. माझे आजोबा त्या पलटणीत शिपाई होते आणि निवृत्तीनंतर बेळगावला, मराठा सेंटरच्या जवळच, राहिले. १० डिसेंबरच्या रात्रीबद्दल आम्ही मुलांनी कितीही खोदून विचारले तरी ते फार बोलत नसत. जे बोलत ते नदीबद्दल. रात्रीचे थंड पाणी, डोक्यावर धरलेली रायफल, पलीकडे गेल्यावर ओले बूट घालूनच चालणे, आणि दारूगोळा ओढायला गावकऱ्यांच्या बैलगाड्या. गाडीच्या चाकाचा आवाज होऊ नये म्हणून काय काय केले ते ते अगदी रंगवून सांगत, जणू सगळ्या युद्धात तेवढेच एक काम अवघड होते. रस्ता अडवून बसल्यावर काय झाले असे विचारले की म्हणत, ‘ते येत राहिले आणि आम्ही हललो नाही.’ बस्स, एवढेच.

पुंगलीची भेट मात्र त्यांच्या आवडीची. पुलावर पोहोचताना पुढून मराठीत शिवी ऐकू आली आणि मगच आपली माणसे आहेत याची खात्री पटली, असे ते हसत सांगायचे. आजोबांच्या तोंडची गोष्ट आहे, तिला पुरावा मागू नये.

दक्षिणद्वार

वडगावची लेक, मनापासून आभार. ब्रार यांच्या नावाने जमालपूरची रात्र नोंदली गेली आहे आणि ते योग्यच आहे, कारण नाकेबंदी कुठे बसवायची हा निर्णय प्रमुखाचा असतो. पण ती टिकवणारी माणसे आजोबांसारखीच होती, आणि त्यांच्या बोलण्यातून जे कळते ते अहवालात सापडत नाही.

पद्मापार

कादर सिद्दीकींवर कुणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. माझे काही वर्षे ढाक्यात कामानिमित्त वास्तव्य होते. टांगाईलमध्ये त्यांना ‘बाघा सिद्दीकी’ म्हणतात. त्यांच्या वाहिनीत हजारोंनी लोक होते आणि टांगाईल जिल्ह्याचा मोठा भाग त्यांनी महिनोन्‌महिने पाकिस्तानी सैन्याला निर्वेधपणे वापरू दिला नाही. ऑगस्ट १९७१ मध्ये भुआपूरच्या बाजूला त्यांच्या माणसांनी शस्त्रे वाहून नेणारी जहाजे पकडली, आणि ती जागा आजही ‘जहाजमारा’ म्हणून ओळखली जाते.

उडीच्या आधी काही दिवस भारतीय सैन्याच्या पॅरा ब्रिगेडमधील सिग्नल्सचे एक बंगाली अधिकारी, कॅप्टन पी. के. घोष, त्यांच्याकडे येऊन राहिले होते. कुठे उतरायचे, जमीन कशी आहे, पाकिस्तानी तुकड्या कुठे आहेत, हे त्यांनी पाहून ठेवले. उडीच्या संध्याकाळी गावकरी इतक्या पटकन मदतीला आले त्यामागे ही आधीची तयारी होती. पन्नूंच्या पलटणीला अनोळखी मुलुखात उतरल्यासारखे वाटले नाही, याचे श्रेय घोष आणि सिद्दीकी या दोघांना जाते.

तरीही नाण्याची दुसरी बाजू आहे. जेकब यांनी पुढे नाराजी व्यक्त केली की सिद्दीकींच्या लोकांनी माघार घेणाऱ्या पाकिस्तान्यांना हवे तसे अडवले नाही आणि ढाक्याकडच्या दौडीत अपेक्षित साथ दिली नाही. आणि १८ डिसेंबरला ढाक्यात, सिद्दीकींच्या सभेनंतर, हात बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी जाहीरपणे ठार मारले गेले. ती छायाचित्रे जगभर छापली गेली आणि ती काढणाऱ्या होर्स्ट फास व मिशेल लोराँ या छायाचित्रकारांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. बांगलादेशात वीर उत्तम हा सन्मान मिळालेल्या माणसाच्या नावाला हा डाग कायमचा लागला. आठवड्याभरापूर्वी ज्यांच्या साहाय्याने पूल घेतला, त्यांच्याच हातून हे घडले. दोन्ही लिहावे लागते.

दक्षिणद्वार

पद्मापार, हे लिहिलेत ते बरे केले. मी ते टाळलेच असते, हे कबूल करतो. जेकब यांच्या तक्रारीबद्दल मात्र एवढे म्हणेन की गनिमी काव्याने लढणाऱ्या वाहिनीकडून, तोफा आणि रणगाडे नसताना, शिस्तबद्ध माघारीला समोरासमोर अडवण्याची अपेक्षा मुळातच जास्त होती. त्यांचे काम आधीच्या सहा महिन्यांत झाले होते.

आता उडीच्या उपयोगाचा राहिलेला भाग, जो हिशेबनीस यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे असे मला वाटते. तो पुंगलीला घडला नाही, ढाक्यात घडला. दिल्लीत संरक्षण खात्याचे जनसंपर्क अधिकारी राममोहन राव यांनी बातमी देताना किती सैनिक उतरले याचा आकडा सांगितला नाही, आणि प्रत्यक्ष उडीची छायाचित्रे हाती नसल्याने आग्र्याच्या सरावातील, अख्ख्या ब्रिगेडच्या उडीचे जुने छायाचित्र दिले. परदेशी वर्तमानपत्रांनी ते छापले आणि पाच हजार छत्रीधारी उतरल्याचे लिहिले. जनरल नियाझींनी ढाक्यात बसून तेच ऐकले. आधीच त्यांना रावळपिंडीहून सांगण्यात आले होते की उत्तरेकडून पिवळे आणि दक्षिणेकडून गोरे मित्र येत आहेत, म्हणजे चिनी आणि अमेरिकी. टांगाईलच्या आकाशात छत्र्या दिसल्या तेव्हा माघार घेणाऱ्यांपैकी काहींना ते चिनीच वाटले होते, असे सांगतात. ज्याला मित्र समजलो तो शत्रू निघाला, आणि तोही पाच हजारांचा; त्या अवस्थेत ढाका आणखी किती दिवस लढवायचा हा हिशेब माणूस कसा करणार?

नियाझी हे भेकड नव्हते, हेही म्हटले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी मिलिटरी क्रॉस मिळवला होता. पण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याजवळ ढाक्यासाठी राखून ठेवलेली एकही ताजी ब्रिगेड नव्हती. जी बोलावली ती पुंगलीच्या अलीकडे-पलीकडे विस्कटली.

वडगावची लेक

मीरपूर पुलाचे लिहा ना. आजोबा म्हणत की ढाक्यात आधी शिरण्याचा मान टू पॅरावाल्यांनी पटकावला आणि जंगी पलटणीला त्याची असूया होती.

दक्षिणद्वार

असूया समजण्यासारखी आहे. नागरा हे कधीकाळी इस्लामाबादला भारताचे लष्करी सल्लागार होते आणि नियाझींशी त्यांची ओळख होती. १६ डिसेंबरला पहाटे २ पॅरा ढाक्याच्या उंबरठ्यावर, मीरपूरच्या पुलापाशी होती. सकाळी नागरा तिथे पोहोचले आणि त्यांनी कागदाच्या एका तुकड्यावर चार ओळी लिहिल्या : प्रिय अब्दुल्ला, मी इथे आलो आहे, खेळ संपला आहे, माझ्या स्वाधीन व्हा, मी तुमची काळजी घेईन, अशा अर्थाच्या. नियाझींचे पूर्ण नाव अमीर अब्दुल्ला खान नियाझी. ती चिठ्ठी घेऊन पांढरे निशाण लावलेल्या जीपमधून जे अधिकारी पुलापलीकडे गेले त्यांत नागरांचे एडीसी, म्हणजे व्यक्तिगत सहायक अधिकारी, कॅप्टन हितेश मेहता आणि २ पॅराचे कॅप्टन निर्भय शर्मा होते. हेच शर्मा पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि निवृत्तीनंतर अरुणाचल प्रदेश व मिझोरमचे राज्यपाल. चिठ्ठीला उत्तर म्हणून मेजर जनरल जमशेद पुलावर आले. ९३ ब्रिगेड ज्यांच्या हाताखाली होती आणि ज्यांनी कादिर खान यांना ढाक्याला बोलावले होते, ते हेच जमशेद. कादिर खान तोवर कैदेत होते.

सात दिवसांपूर्वी जमालपूरला पाठवलेल्या चिठ्ठीला गोळी उत्तर म्हणून आली होती.

अंत्रूजकर

एक शंका. वर मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा उल्लेख आहे. यशवंत घाडगे यांची पलटण तीच ना?

दक्षिणद्वार

तीच. माणगावच्या बाजूचे नाईक यशवंत घाडगे तिसऱ्या पलटणीचे. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरे, अहमदनगरकडचे शिपाई नामदेव जाधव पहिल्या पलटणीचे, म्हणजे जंगीचे. त्यांना इटलीतच सेनिओ नदीवर, एप्रिल १९४५ मध्ये केलेल्या पराक्रमासाठी तोच सन्मान मिळाला. त्यांनी जखमी साथीदारांना नदी आणि बांध ओलांडून मागे आणले होते. म्हणजे १२ डिसेंबरच्या संध्याकाळी लोहाजंगच्या पुलावर जे दोन जमाव भेटले, त्यांतील एक घाडग्यांच्या पलटणीचा होता आणि दुसरा जाधवांच्या.

वडगावची लेक, आजोबांनी बैलगाडीच्या चाकांचा आवाज कसा दाबला ते आठवत असेल तर जरूर लिहा.

वडगावची लेक

आसाला गवताच्या पेंढ्या आणि पोत्यांचे तुकडे बांधले, असे ते सांगायचे. तरी एक गाडी कुरकुरत राहिली. तिचा गाडीवान म्हातारा होता आणि तो नदीपासून नाक्यापर्यंत सगळा वेळ चाकावर हात ठेवून चालत गेला.